किनाऱ्यावरचा उमाळा आणि समुद्रातले भोवरे

हवेतील कर्बाम्ल वायूचे प्रमाण वाढत आहे ही गोष्ट आता शाळकरी मुलांनाही ठाऊक झाली आहे. आजच्या पाठ्यपुस्तकांत ज्याला कार्बन डायॉक्साइड म्हणतात, तोच हा वायू. १९५८ साली चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने हवाई बेटातील मौना लोआ पर्वतावर त्याचे नियमित मोजमाप सुरू केले, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. परंतु या आकड्यांमागची एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कोळसा आणि खनिज तेल जाळून, जंगले तोडून माणूस जेवढा वायू हवेत सोडतो तेवढा सगळा हवेत राहत नाही. त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्र आपल्या पोटात घेतो. समुद्राने हे काम केले नसते, तर आज आपणांस जाणवणारा उष्मा पुष्कळच वाढला असता. ज्याच्या आधारावर आपण इतके विसंबून आहोत, त्याची देण्याघेण्याची रीत समजून घेणे हे शहाणपणाचे होय.

समुद्र हा वायू कसा घेतो, कोठे ठेवतो आणि केव्हा परत देतो, हा प्रश्न फार मोठा आहे. त्याचा एक लहानसा भाग आम्ही येथे विवेचनासाठी निवडला आहे. जगातील काही किनाऱ्यांवर खोल समुद्रातले थंड पाणी वर येते, आणि त्याच किनाऱ्यांजवळ पाण्याचे मोठमोठे भोवरे तयार होतात. या दोहोंच्या संबंधातून कर्बाच्या हिशेबात काय फरक पडतो, एवढेच आपण पाहणार आहोत. विषय दूरचा वाटेल. पण त्याचा एक धागा आपल्या कोकणच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोचतो, हे शेवटी दिसून येईल.

समुद्राची कोठी

प्रथम समुद्रात कर्ब किती आहे ते पाहू. हवेत आज सुमारे ९०० अब्ज टन कर्ब आहे. समुद्राच्या पाण्यात तो सुमारे ३८,००० अब्ज टन, म्हणजे हवेच्या चाळीस पटींहून अधिक आहे. त्यातला बहुतेक सगळा पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या रूपात असतो. एवढी मोठी कोठी भरण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला साधा आहे. थंड पाण्यात वायू अधिक विरघळतो, गरम पाण्यात कमी. सोडावॉटरची बाटली उन्हात ठेवून उघडली की ती फसफसून का उतू जाते, याचे कारण हेच. ध्रुवाजवळचे थंडगार पाणी वायू शोषून घेते, जड होऊन तळाकडे जाते आणि आपल्याबरोबर तो वायूही खाली नेते.

दुसरा मार्ग सजीवांचा आहे. समुद्राच्या वरच्या, प्रकाश पोचणाऱ्या सुमारे शंभर मीटरांच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या अगणित वनस्पती तरंगत असतात. त्यांना प्लवक म्हणतात. करंडकासारखी काचेरी पेटी अंगावर वागवणारे डायाटम हे त्यांतलेच. जमिनीवरचे गवत जे काम करते तेच हे सूक्ष्म जीव पाण्यात करतात. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने कर्बाम्ल वायूतला कर्ब घेऊन आपले शरीर घडवतात. ते मेले किंवा कोणी खाऊन टाकले, की त्यांचे अवशेष आणि विष्ठा हळूहळू खाली जाऊ लागतात. वाटेत जंतू त्यांचे विघटन करतात आणि कर्ब पुन्हा पाण्यात विरघळतो, पण आता खोल पाण्यात. जितका तो खोल जाईल तितका उशिरा परत येईल. शंभरदोनशे मीटरांवर विरघळलेला कर्ब काही महिन्यांत किंवा वर्षांत पुन्हा वर येऊ शकतो. हजार मीटरांच्या खाली गेलेला शेकडो वर्षे हवेला दिसत नाही.

शेताला जसे खत लागते, तसे प्लवकांनाही लागते. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका आणि थोडे लोह यांवाचून त्यांची वाढ होत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ साली समुद्रातील या घटकांच्या प्रमाणाकडे लक्ष वेधले. त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेले प्रमाण असे, की प्लवकांच्या शरीरात फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे १६ आणि कर्बाचे १०६ अणू असतात. अवशेष कुजताना हे घटक साधारण त्याच प्रमाणात पाण्यात मोकळे होतात. म्हणून खोल पाण्यात खत आणि कर्ब एकमेकांच्या सोबतीने साठलेले असतात. पुढच्या सगळ्या विवेचनाची गुरुकिल्ली या वाक्यात आहे, ती वाचकांनी मनात ठेवावी.

उमाळा कसा येतो

खालचे पाणी वर का येते? नॉर्वेचा धाडसी प्रवासी फ्रित्यॉफ नान्सेन १८९३ ते १८९६ या काळात आपले ‘फ्राम’ जहाज उत्तर ध्रुवाकडील बर्फात गोठवून घेऊन प्रवास करीत होता. त्याने पाहिले की बर्फ वाऱ्याच्या दिशेने वाहत नाही. तो वाऱ्याच्या उजवीकडे वीस ते चाळीस अंशांनी कलतो. या निरीक्षणाचे गणित स्वीडनच्या वॉन एकमन याने १९०५ साली मांडले. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे, वाऱ्याने ढकललेला पाण्याचा वरचा थर, एकूण विचार करता, वाऱ्याशी काटकोन करून सरकतो. उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिण गोलार्धात डावीकडे.

आता कॅलिफोर्नियाचा किनारा डोळ्यांसमोर आणावा. वसंत ऋतूपासून उन्हाळा सरेपर्यंत तेथे वायव्येकडून किनाऱ्याला समांतर असा वारा वाहतो. त्याची उजवी बाजू म्हणजे पश्चिम, म्हणजेच खुला समुद्र. वरचे पाणी किनारा सोडून समुद्राकडे निघाले, की त्याची जागा भरून काढायला खालूनच पाणी आले पाहिजे. शंभरदोनशे मीटर खोलीवरचे थंड पाणी दिवसाला काही मीटर या संथ गतीने वर चढते. यालाच आम्ही उमाळा म्हणत आहोत. सॅन फ्रान्सिस्कोच्या उन्हाळ्यातले प्रसिद्ध धुके हे या थंड पाण्याचेच अपत्य. असे मोठे उमाळे जगात चार ठिकाणी आहेत: कॅलिफोर्निया, पेरू व चिली, आफ्रिकेचा वायव्य किनारा, आणि त्याच खंडाचा नामिबियाकडील नैर्ऋत्य किनारा. या चौघांचे क्षेत्रफळ समुद्राच्या एकदोन टक्क्यांहून अधिक नाही. पण जगातील समुद्री मासेमारीचा सुमारे पाचवा हिस्सा तेथून येतो. १९७० साली एकट्या पेरूने अँकोव्हेटा नावाच्या लहानशा माशाचे एक कोटी वीस लाख टनांहून अधिक उत्पन्न काढले होते.

हे वर आलेले पाणी दोन गोष्टी घेऊन येते, खत आणि जुना कर्ब. म्हणून किनाऱ्यावर एक विलक्षण शर्यत सुरू होते. पाण्यातला साठलेला वायू हवेत निसटू पाहतो. त्याच वेळी प्लवक त्या पाण्यातले खत वापरून कर्ब पुन्हा बांधू लागतात. किनाऱ्याला अगदी लागून असलेल्या पाण्यात पहिली क्रिया वरचढ असते. तेथे समुद्र वायू बाहेर टाकतो, आणि पाणी इतके आम्लधर्मी असते की शिंपल्यांच्या कवचांनाही धोका संभवतो. २००७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या पाहणीत कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात असे कवच विरघळवू शकणारे पाणी थेट पृष्ठभागापर्यंत आलेले आढळले. किनाऱ्यापासून थोडे दूर गेले, की प्लवकांची सरशी होते आणि समुद्र वायू शोषू लागतो.

रेडफील्डचे प्रमाण लक्षात घेतले म्हणजे या शर्यतीचा हिशेब सोपा होतो. खताबरोबर कुजण्यातून आलेला जेवढा कर्ब वर आला, साधारण तेवढाच कर्ब, सगळे खत वापरले गेले तर, प्लवकांकडून पुन्हा बांधला जाईल. म्हणजे जमा आणि खर्च बरोबरीत सुटतील. पण ‘सगळे खत वापरले गेले तर’ ही अट महत्त्वाची आहे. प्रत्यक्षात ती पुरी होत नाही. का होत नाही, याचे उत्तर भोवऱ्यांत आहे.

भोवऱ्यांचा शोध

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समुद्राच्या प्रवाहांविषयीची कल्पना फार साधी होती. पृष्ठभागावर काही मोठ्या नद्या वाहतात आणि खोलवर सगळे पाणी अतिशय मंदपणे सरकते, असे चित्र नकाशांत असे. १९५९–६० मध्ये इंग्लंडचे जॉन स्वॅलो यांनी ‘एरिज’ या लहानशा जहाजातून बर्म्युडाजवळ ते पडताळून पाहिले. ठरावीक खोलीवर तरंगत राहणाऱ्या आणि आवाजाने आपला ठावठिकाणा कळवणाऱ्या नळ्या त्यांनी पाण्यात सोडल्या. त्या मुंगीच्या पावलांनी एकाच दिशेला जातील अशी अपेक्षा होती. त्या कितीतरी पट वेगाने गेल्या, आणि थोड्याच आठवड्यांत दिशाही बदलू लागल्या. पुढे १९७० साली सोव्हिएत शास्त्रज्ञांनी अटलांटिकमध्ये केलेल्या मोहिमेत आणि १९७३ च्या अमेरिकन-ब्रिटिश मोहिमेत हे कोडे उलगडले. समुद्र मोठमोठ्या भोवऱ्यांनी भरलेला आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये अमेरिका व फ्रान्स यांनी समुद्राच्या पातळीतला काही सेंटिमीटरांचा चढउतार मोजणारा उपग्रह सोडला, तेव्हापासून तर सगळ्या पृथ्वीवरचे भोवरे एकाच वेळी पाहता येऊ लागले.

भोवरा म्हटला की नदीच्या डोहात गरगरणारे, माणसाला आत ओढणारे पाणी आठवते. समुद्रातला भोवरा तसा नसतो. त्याचा व्यास काही दहा किलोमीटरांपासून २०० किलोमीटरांपर्यंत असतो. एक फेरी पुरी व्हायला कित्येक दिवस लागतात. त्यावरून जहाज गेले तरी खलाशांना पत्ता लागत नाही. तो महिनोन् महिने जगतो आणि दिवसाला काही किलोमीटर या चालीने, बहुधा पश्चिमेकडे सरकत राहतो. उत्तर गोलार्धात जो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो, त्याच्या मध्यभागी खालचे थंड पाणी वर उचललेले असते. जो काट्यांच्या दिशेने फिरतो, त्याच्या मध्यभागी वरचे कोमट पाणी खाली दाबलेले असते.

उमाळ्याच्या किनाऱ्यावर भोवरे आपोआप निर्माण होतात. किनाऱ्याजवळ थंड, जड पाणी वर आलेले असते आणि बाहेर कोमट, हलके पाणी असते. जड आणि हलक्या पाण्याची सीमा अशी उताराची झाली, की ती फार काळ स्थिर राहू शकत नाही. कलती करून ठेवलेली धान्याची रास जशी घसरून सपाट होऊ पाहते, तशी ही सीमाही सपाट होऊ पाहते. पृथ्वीच्या परिवलनामुळे तिला सरळ घसरता येत नाही; म्हणून ती वळणे घेते, वळणांची वेटोळी होतात आणि वेटोळी तुटून भोवरे होतात. त्यांच्या दरम्यान थंड पाण्याच्या अरुंद पट्ट्या शेकडो किलोमीटर आत समुद्रात ओढल्या जातात.

पाट फुटतो

खुल्या समुद्रात, जेथे वरच्या थरात खताचा दुष्काळच असतो, तेथे उलट्या दिशेने फिरणारा भोवरा खालचे खतयुक्त पाणी प्रकाशात उचलून आणतो आणि प्लवकांची भरभराट होते. हे अनेक ठिकाणी प्रत्यक्ष पाहण्यात आले होते. तेव्हा भोवरे म्हणजे समुद्राच्या शेतीला साहाय्य करणारे, अशी साहजिकच समजूत झाली.

२०११ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील निकोलास ग्रुबर आणि त्यांचे सहकारी यांनी या समजुतीची उमाळ्याच्या किनाऱ्यांपुरती परीक्षा घेतली. त्यांनी गणकयंत्रावर कॅलिफोर्नियाचा समुद्र दोनदा चालवून पाहिला. एकदा भोवऱ्यांसकट आणि एकदा भोवरे निर्माणच होणार नाहीत अशी योजना करून. वारा तोच, ऊन तेच, किनारा तोच. निष्कर्ष अपेक्षेच्या उलट निघाला. भोवरे नसलेल्या समुद्रात किनाऱ्याजवळचे पीक अधिक आले. चारही मोठ्या उमाळ्यांची तुलना करता, जेथे भोवऱ्यांची हालचाल फार, तेथे उत्पादन तुलनेने कमी, असेच निरीक्षणांतूनही दिसून आले.

याची कारणे दोन आहेत. पहिले असे, की भोवरे पाण्याला किनाऱ्यावर थांबू देत नाहीत. वर आलेले खत वापरायला प्लवकांना काही दिवस, काही आठवडे हवे असतात. तेवढ्यात थंड पट्टी त्या पाण्याला बाहेर ओढून नेते. तेथे गेल्यावर हे थंड, जड पाणी कोमट, हलक्या पाण्याच्या वर राहू शकत नाही. ते त्याच्या खाली सरकते. त्याबरोबर न वापरलेले खतही अंधारात जाते. मोटेने विहिरीतून पाणी उपसावे, पाटात सोडावे, आणि पिकाच्या मुळाशी पोचण्यापूर्वीच पाट फुटून ते शेजारच्या ओढ्याला मिळावे, तसा हा प्रकार.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. भोवरे नसते तर किनाऱ्याजवळ वाढलेले प्लवक तेथेच मरून खाली गेले असते, त्यांच्या कुजण्यातून खत किनाऱ्याजवळच्याच खोल पाण्यात मिसळले असते, आणि पुढच्या उमाळ्यात तेच पुन्हा वर आले असते. म्हणजे किनारा आपले खत आपणच फिरवून वापरीत राहिला असता. भोवरे हे फिरते भांडवलच बाहेर नेतात. त्यामुळे जे पाणी पुढे वर यायचे तेच आधी निकस होते. पाट फुटण्याने एका पिकाचे नुकसान होते. येथे विहिरीचा झराही मंदावतो.

कॅलिफोर्निया आणि वायव्य आफ्रिका यांची तुलना हेच सांगते. आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावरची उथळ समुद्रभूमी रुंद आहे, भोवऱ्यांची खळबळ तुलनेने कमी आहे, पाणी किनाऱ्यावर अधिक काळ रेंगाळते. म्हणून मिळालेल्या खताचा तेथे अधिक चांगला उपयोग होतो. नुसता वारा किती आणि खत किती एवढ्यावरून पिकाचा अंदाज बांधता येत नाही. पाणी किती दिवस टिकले हेही विचारावे लागते.

कर्ब कोठे जातो

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भोवऱ्यांमुळे किनाऱ्यावरचे पीक घटते, यावरून ते समुद्राची कर्ब साठवण्याची शक्ती घटवतात, असा निष्कर्ष काढावा काय? इतका घाईचा निष्कर्ष काढता येत नाही. कारण भोवरे खताबरोबर आणखीही पुष्कळ काही नेतात.

पहिली गोष्ट, ते प्लवकांचे अवशेष आणि पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ, म्हणजे बांधलेला कर्ब, बाहेर नेतात. २०१५ साली कॅलिफोर्नियाविषयी आणि २०१८ साली वायव्य आफ्रिकेविषयी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून असे दिसले, की किनाऱ्यावर तयार झालेला कर्ब शेकडो किलोमीटर दूर नेण्यात भोवरे आणि थंड पट्ट्या यांचा वाटा फार मोठा आहे. यामुळे एका जुन्या कोड्यावरही प्रकाश पडतो. खुल्या समुद्रातील काही भागांत जंतू व प्राणी मिळून जेवढे अन्न जाळतात तेवढे तेथे पिकतच नाही असे वाटत असे. मग ही तूट भरून कोण काढतो? निदान काही अंशी, किनाऱ्याकडून आलेली ही शिदोरी. उथळ किनाऱ्यावर कुजला असता तर जो कर्ब पुढच्या हंगामात वर आला असता, तो खोल समुद्रावर जाऊन बुडाला तर अधिक काळ बाहेर येत नाही. या दृष्टीने भोवरे साठवणुकीला मदतच करतात.

दुसरी गोष्ट वायूच्या निसटण्याची. समुद्र आणि हवा यांच्यात कर्बाम्ल वायूचा समतोल साधायला कित्येक महिने लागतात. उमाळ्याचे पाणी किनाऱ्यावर राहते थोडेच आठवडे. ते लौकर बाहेर जाऊन खाली सरकले, तर त्यातला जुना वायू पुरता निसटण्यापूर्वीच पुन्हा झाकला जातो. म्हणजे भोवरा प्लवकांच्या तोंडचा घास काढतो, तसाच हवेकडे निघालेला वायूही अडवतो.

तिसरी गोष्ट भोवऱ्याच्या पोटातली. काही भोवरे म्हणजे बंद रांजणासारखे असतात. आत सापडलेले पाणी बाहेरच्या पाण्यात सहसा मिसळत नाही. आफ्रिकेच्या मॉरिटानियाजवळून निघून केप व्हर्डे बेटांकडे जाणाऱ्या अशा भोवऱ्यांची हकीगत २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या वरच्या थरात प्लवक जोमाने वाढत होते. अवशेष खाली जाऊन कुजत होते. आणि त्या कुजण्यात पृष्ठभागापासून थोड्याच खोलीवरचा प्राणवायू जवळजवळ संपून गेला होता. अटलांटिकच्या त्या खुल्या भागात इतके प्राणवायुहीन पाणी असेल असे कोणाला वाटले नव्हते. प्राणवायू संपला की काही जंतू नायट्रेटमधला प्राणवायू वापरू लागतात आणि नायट्रोजन वायुरूपाने निघून जातो. पेरूच्या समुद्रातील भोवऱ्यांतही हे आढळले आहे. नायट्रेट हेच तर खत. ते नाहीसे झाले, म्हणजे पुढे बांधला जाणारा कर्बही तेवढ्यापुरता कमी झाला.

तेव्हा एकच भोवरा एका हाताने घेतो आणि दुसऱ्या हाताने देतो. किनाऱ्यावर उभे राहून पाहणाऱ्याला फक्त नुकसान दिसेल. खुल्या समुद्रातल्याला फक्त लाभ दिसेल. दोघेही आपापल्या ठिकाणी खरे बोलतील आणि दोघांचाही हिशेब अपुरा असेल. आमच्या मते या सगळ्या संशोधनाचा इत्यर्थ हाच, की उमाळ्याच्या किनाऱ्याच्या कर्बाचा हिशेब किनाऱ्यावरच मांडून चालत नाही. माल जेथे गेला तेथपर्यंत वही घेऊन जावे लागते.

आपला अरबी समुद्र

हे सगळे झाले दूरच्या समुद्रांविषयी. आपल्या अरबी समुद्राची गोष्ट काय? त्याचे स्वामित्व मोसमी वाऱ्यांकडे आहे. जूनमध्ये आपल्याकडे पाऊस घेऊन येणारा नैर्ऋत्य वारा सोमालिया आणि ओमान यांच्या किनाऱ्यांना समांतर वाहतो आणि तेथे जोराचा उमाळा उठवतो. सोमालियाजवळ या दिवसांत सुमारे ५०० किलोमीटर व्यासाचा एक प्रचंड भोवरा दरवर्षी तयार होतो. त्याला ‘ग्रेट व्हर्ल’ असे नाव आहे. किनाऱ्यावर वर आलेले थंड पाणी तो आपल्या कडेने ओढून समुद्रात नेतो. १९९४ ते १९९६ या काळात अनेक देशांच्या जहाजांनी येथे मोजमापे केली. या पाहण्यांतून असे दिसून आले, की अरबी समुद्र हवेतून कर्बाम्ल वायू घेण्याऐवजी एकंदरीत हवेला तो देतो, आणि सर्वांत अधिक देतो तो पश्चिमेकडच्या उमाळ्याच्या पट्ट्यात, मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत.

आपला पश्चिम किनाराही उमाळ्याचाच आहे, मात्र सौम्य. पावसाळ्याच्या आरंभी तो केरळकडे सुरू होतो आणि हळूहळू उत्तरेकडे कर्नाटक, गोवा व दक्षिण कोकण या बाजूला सरकतो. पावसाने व नद्यांनी ओतलेले गोडे, हलके पाणी वर झाकणासारखे पसरलेले असल्यामुळे खालचे थंड पाणी पुष्कळदा पृष्ठभागावर येत नाही. पण त्या झाकणाखाली ते उथळ समुद्रभूमीवर पसरते. त्यात प्राणवायू मुळातच कमी असतो. पावसाळ्याच्या अखेरीस गोव्याच्या आसपास तळाजवळचा प्राणवायू कधीकधी संपूनही जातो, हे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. साठच्या दशकात झालेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १९६६ साली ही संस्था स्थापन झाली. याच संस्थेतील शंकर व शेट्ये यांनी १९९७ साली लक्षद्वीपजवळच्या समुद्राच्या एका ऋतुचक्राची मीमांसा केली. पावसाळ्यात तेथे समुद्राची पातळी किंचित खचून उलट्या दिशेने फिरणारा, आणि हिवाळ्यात ती किंचित फुगून सुलट्या दिशेने फिरणारा असे दोन विस्तीर्ण भोवरे निर्माण होतात, आणि दोन्ही किनाऱ्याकडून पश्चिमेला सरकत जातात. कॅलिफोर्नियाप्रमाणेच आपलाही किनारा समुद्राच्या पूर्व कडेला असल्यामुळे येथले भोवरे किनारा सोडून खुल्या समुद्राकडे जातात. बांगडा आणि तारली यांच्यावर ज्यांची चूल पेटते, त्या किनाऱ्यावरील माणसांना या घडामोडी परक्या नाहीत. त्यांना त्या फक्त निराळ्या नावाने, जाळ्यात काय आले आणि काय आले नाही यावरून ठाऊक असतात.

पुढील विचार

पुढे काय होईल, या प्रश्नाला येथे व्यावहारिक महत्त्व येते. १९९० साली अँड्रू बाकुन यांनी असा तर्क मांडला की पृथ्वी तापेल तशी जमीन समुद्रापेक्षा अधिक तापेल, त्यामुळे किनाऱ्यालगतचे वारे जोराने वाहतील आणि उमाळेही वाढतील. उमाळा वाढला म्हणजे खत वाढेल, मासे वाढतील, असे कोणी सहज म्हणेल. परंतु वारा वाढला की किनाऱ्याजवळच्या पाण्याच्या सीमेचा उतारही तीव्र होतो, आणि तीव्र उतारातून अधिक जोमदार भोवरे निपजतात. जेवढे अधिक उपसावे तेवढा पाटही अधिक फुटावा, अशी ही व्यवस्था आहे. त्यामुळे वाऱ्याच्या प्रमाणात पीक वाढेलच, असे गृहीत धरून मासेमारीची धोरणे आखणे धोक्याचे ठरेल.

समुद्रात कृत्रिम रीतीने खत घालावे किंवा नळ्यांनी खालचे पाणी वर आणावे, म्हणजे प्लवक वाढतील, हवेतला कर्ब खेचला जाईल आणि त्याचे पैसेही करता येतील, अशा सूचना आजकाल पुढे येत आहेत. त्यांतील हेतूविषयी शंका न घेताही आम्हांस एवढे सांगावेसे वाटते, की खालचे पाणी वर आणणे म्हणजे खताबरोबर जुना कर्बही वर आणणे होय. ते खत तेथेच वापरले गेले की भोवऱ्याने ते दूर नेऊन बुडवले, बांधलेला कर्ब शंभर मीटरांवर विरघळला की हजार मीटरांच्या खाली गेला, हे पाहिल्याशिवाय कोणीही किती टन कर्ब वाचवला याचा दाखला देऊ नये आणि घेऊही नये. पाण्याचा रंग हिरवा झाला, एवढ्यावरून जमेच्या बाजूला आकडा मांडता येत नाही.

जहाजाखाली लागलेली मोजमापाची यंत्रे आणि आकाशातले उपग्रह यांमुळे आज ही वही पूर्वीपेक्षा पुष्कळ नीट लिहिता येते. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला अमेरिका व फ्रान्स यांचा नवा उपग्रह तर पूर्वी न दिसणारे लहान भोवरेही दाखवू लागला आहे. तथापि उपग्रहाला समुद्राची पाठ दिसते, पोट दिसत नाही. खाली सरकलेल्या पाण्यात किती खत गेले, किती कर्ब गेला आणि किती प्राणवायू उरला, हे जाणण्यासाठी पाण्यात उतरूनच मोजले पाहिजे, तेही एकाच हंगामात नव्हे तर वर्षानुवर्षे. अरबी समुद्राच्या बाबतीत हे काम त्याच्या काठी राहणाऱ्या देशांचे, म्हणून आपलेही आहे. आपल्या विद्यापीठांतून पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी काहींनी तरी या कामाकडे वळावे, अशी आमची इच्छा आहे. या विषयाला तिन्ही शास्त्रे एकदमच लागतात, आणि पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रावर जाऊन मोजमापे करण्याची तयारी असलेली माणसेही लागतात.